एक ब्रास सडा

ब्रास हे आमच्या खात्यातलं माप. लांबी, रुंदी आणि खोली फुटांत घ्यायची, गुणाकार करायचा आणि शंभराने भागायचं. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. ट्रॅक्टरची एक ट्रॉली साधारण तेवढीच भरते. पाटण आणि जावळी तालुक्यांत आधी तलाठी आणि पुढे मंडल अधिकारी म्हणून मी हे गुणाकार इतके केले, की अजूनही कुठे ताजा खड्डा दिसला की डोक्यात आपोआप आकडा तयार होतो. निवृत्ती घेतली तरी ही खोड जात नाही.

जुलैमध्ये सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या जांभ्या पठारावर, जी डबकी साचतात, त्यातलं एखादं दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि फूटभर खोल असतं. म्हणजे बरोबर एक ब्रास. मुरूम-दगडासारख्या गौण खनिजाचं स्वामित्वधन शासनाने २०२१ मध्ये ब्रासला चारशेवरून सहाशे रुपये केलं. तेव्हा त्या डबक्याएवढ्या जागेची सरकारी किंमत सहाशे रुपये. त्या डबक्यात उगवणाऱ्या वायतुऱ्यासाठी मात्र आमच्या कुठल्याच नमुन्यात रकाना नाही.

वायतुरा म्हणजे ॲपोनोजेटन सातारेन्सिस. साताऱ्याचं नाव लावून जगाच्या पुस्तकांत गेलेली वनस्पती. सुंदरराघवन, कुलकर्णी आणि यादव या तिघा वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये तिचं नामकरण केलं. मी नोकरीला लागले त्याच्या जरा आधीच विज्ञानाला ही ठाऊक झाली होती, इतकी ती नवी. खरं तर ती सड्यावर आहे माणसाच्या कितीतरी आधीपासून. साताऱ्याभोवतालच्या उंच जांभ्या पठारांवर, कासवर आणि तशाच मोजक्या सड्यांवर, ती पावसाळी डबक्यांत वाढते. सह्याद्री सोडून जगात कुठेही ती नाही. आययूसीएनच्या लाल यादीत ती संकटग्रस्त म्हणून नोंदली आहे.

दिसायला साधीच. डबक्याच्या तळाशी बोटभर गाळात सुपारीएवढा कंद. पहिले मोठे पाऊस झाले की त्यातून पानं निघतात, आणि मग पाण्याच्या वर येतो तो तुरा. दांड्याच्या टोकाला दोन फाटे, इंग्रजी वाय अक्षरासारखे. त्यावर गुलाबीसर पांढरी बारीक फुलं दाटीने बसलेली. नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. दोघं एकमेकांच्या टप्प्यात असली तरच बी धरणार. ऑक्टोबर सरता सरता पाणी आटतं, पानं कुजून जातात, आणि पुढचा जून येईपर्यंत तापलेल्या दगडाच्या खळग्यात, सुकलेल्या मातीखाली, नुसता कंद राहतो. वर काही म्हणजे काही नसतं.

मला ती दिसली याचं श्रेय माझ्या निसर्गप्रेमाला नाही, खरीप पीक पाहणीला आहे. त्या काळी तलाठ्याला भर पावसाळ्यात शिवार पालथं घालून गाव नमुना बारा भरावा लागे. डोंगराच्या सजात शिवार म्हणजे खाली भात, मध्ये उतारावर नाचणी-वरी, आणि वर सडा. सड्यावर पीक नसतंच. पण गावाची हद्द तिथून जाते, म्हणून वर चढायचं. प्लास्टिकच्या इरल्यात दप्तर गुंडाळून, कोतवालाच्या मागे मागे. आता ई-पीक पाहणी आली, शेतकरी स्वतःच मोबाईलवरून फोटो टाकतात. सोय झाली हे खरं. पण महसूल खात्याचं एक माणूस वर्षातून एकदा जुलै-ऑगस्टमध्ये सड्यावर उभं राहायचं, ते आता राहत नाही.

सडा म्हणजे काय, हे मला वरून कळलं नाही. कळलं ते पंचनाम्याच्या खड्ड्यात उतरल्यावर. विनापरवाना उत्खनन झालं की तलाठ्याने जाऊन माप घ्यायचं, पंचांच्या सह्या घ्यायच्या, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ (७) खाली दंडाचा प्रस्ताव पाठवायचा. आता हा दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत जातो. पोकलेनने कापलेल्या कडेला टेप लावून उभी राहिले की समोर सड्याचा उभा छेद असे. सगळ्यात वर बोट-दोन बोटं काळपट माती, कुठे तीही नाही. खाली हातभर ते पुरुषभर जाडीचा जांभा, तांबडा, भोकाभोकांचा, काही ठिकाणी लोखंडासारखा टणक. त्याखाली पांढरट-पिवळी, शाडूसारखी चिकण माती. आणि सगळ्याच्या तळाला सह्याद्रीचा काळा कातळ.

ही रचना कशी झाली, ते असं. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून आपला हा काळा दगड, बेसॉल्ट, तयार झाला. त्यावर पुढे लाखो वर्षं धुवाधार पाऊस आणि कडक ऊन आळीपाळीने चाललं. पाण्याने दगडातलं सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि नंतर सिलिकासुद्धा विरघळवून वाहून नेलं. ज्यांना पाणी सहजी नेऊ शकत नाही ती लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली. लोखंड जास्त असेल तर तो जांभा. ॲल्युमिनियम जास्त असेल तर तेच बॉक्साइट. दोन्ही एकाच पठारावर, एकमेकांना लागून. चार टन बॉक्साइटमधून साधारण दोन टन ॲल्युमिना आणि त्यातून एक टन ॲल्युमिनियम निघतं. उरलेला तांबडा चिखल कुठेतरी साठवावा लागतो.

आता वायतुऱ्याची अडचण इथेच आहे. झाडाला लागणारा पोषक अंश पावसाने आधीच धुऊन नेलाय, माती जवळजवळ नाही, सहा महिने पाणी आणि सहा महिने भट्टी. अशा जागेत मोठी झाडं, दांडगं गवत, कुणीच टिकत नाही. म्हणून जे टिकतं ते निराळंच असतं. नायट्रोजन मिळत नाही म्हणून दवबिंदू आणि सीतेची आसवं ही चिमुकली झाडं किडे पकडून खातात. पानगेंदाचे पांढरे गोळे पाणथळ जागी हजारोंनी उभे राहतात. खर्पुडीच्या जातींनी कंदात वर्षाची बेगमी केलेली असते. त्यांचं फूल म्हणजे लांब नळीचा कंदील, आत गेलेली माशी नळीतल्या केसांमुळे अडकते आणि केस सुकल्यावर, परागकण घेऊन, सुटते. या सगळ्यांना जी जमीन हवी, तीच खाणवाल्याला हवी. जंगलातल्या झाडाचं तसं नसतं. खनिज खोल असेल तर खाण एका बाजूला आणि जंगल दुसऱ्या बाजूला अशी तडजोड निदान कागदावर तरी करता येते. सड्याच्या वनस्पतीला खनिजाच्या पाठीवरच जगायचं आहे. खनिज उचललं की तिच्या पायाखालचं सगळंच उचललं जातं.

जांभ्याचं आणखी एक काम आहे, आणि ते गावाच्या घशाशी संबंधित आहे. भोकाभोकांचा जांभा पावसाचं पाणी पितो. ते खाली झिरपतं, चिकण मातीच्या थरावर अडतं, आणि आडवं सरकत सड्याच्या काठाला झरा होऊन बाहेर येतं. वाड्या-वस्त्या नेमक्या या काठाखाली का वसल्या, ते एकदा झरे नकाशावर मांडले की कळतं. एका धनगरवाड्यावर पंचनाम्याला गेले होते. एक म्हातारी हंडा घेऊन बसली होती, झऱ्याची धार करंगळीएवढी. म्हणाली, "बाई, वरचं फोडल्यापासनं ह्यो झरा शिमग्यालाच बसाय लागलाय. आदी वैशाखापत्तूर पुरायचा. तुमी वरचा खड्डा मापला, आता ह्येबी मापा की." पंचनाम्याच्या छापील नमुन्यात झऱ्याला जागा नव्हती. मी शेरा म्हणून खाली लिहिलं, एवढंच करता आलं.

बॉक्साइटचं मोठं उत्खनन सातारा-सांगली या आमच्या दोन जिल्ह्यांच्या शेजारी, कोल्हापुरात झालं. राधानगरी, चंदगड, शाहूवाडी या तालुक्यांतले सडे त्यासाठी फोडले गेले, आणि तिथला माल बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्याला जात राहिला. कासवरची, पाटणची, शिराळ्याची पठारं भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने त्याच माळेतली आहेत. पण आमच्याकडे सड्याचं जे होतं ते बहुतेक वेळा अशा मोठ्या खाणीने होत नाही. ते ट्रॉली-ट्रॉलीने होतं. घरासाठी जांभ्याचा चिरा, रस्त्यासाठी मुरूम, भरावासाठी डबर. बॉक्साइट हे केंद्राच्या कायद्यात प्रधान खनिज, त्याला मोठा पट्टा, मोठी सुनावणी. २०१५ च्या फेब्रुवारीत केंद्राने एकतीस खनिजं गौण ठरवून राज्यांकडे सोपवली, त्या यादीत जांभाही आहे. गौण म्हटलं की कागद खालच्या पायरीवर येतो. तात्पुरता परवाना तहसील कचेरीतूनसुद्धा निघतो. पाचशे ब्रासचा परवाना आणि प्रत्यक्षात उचललेला माल यांतला फरक शोधत मी नोकरीतली बरीच वर्षं घालवली. तो फरक काय असतो ते वाचकांनी ओळखावं.

पवनचक्क्यांचं वेगळं. वनकुसवडे, चाळकेवाडी, सडावाघापूर, आणि आमच्या सासरच्या बाजूला शिराळा तालुक्यातलं गुढे-पाचगणी पठार, या सगळ्या सड्यांवर गेल्या पंचवीसेक वर्षांत पवनचक्क्या उभ्या राहिल्या. मी त्यांच्या विरोधात नाही. वीज सगळ्यांना हवी, आणि वाऱ्याची वीज कोळशापेक्षा बरी हे मला पटतं. पण एकेक चक्की चढवायला रुंद रस्ता लागतो, पायाला खड्डा लागतो, आणि रस्त्याचा मुरूम लांबून आणण्यापेक्षा सड्यावरूनच खरवडणं स्वस्त पडतं. चाळकेवाडी पठारावरच्या पवनचक्क्यांवर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. जिथे चक्क्या आहेत तिथे शिकारी पक्षी जवळजवळ चारपटीने कमी, आणि म्हणून रंगीत गळ्याचे सरडे भरमसाट वाढलेले. वरची एक गोष्ट हलली की खालचं सगळं कसं हलतं, याचं हे आमच्या दारातलं उदाहरण आहे. वायतुऱ्याचा असा अभ्यास कुणी त्या पठारावर करावा, असं मला फार वाटतं.

आता मी ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या मुद्द्यावर येते. वायतुऱ्याला धोका कशाचा, असं कुणी विचारलं तर मी खाणीच्याही आधी कॅलेंडरचं नाव घेईन.

मोठ्या खाणीला मंजुरी देण्याआधी पर्यावरणावर होणाऱ्या आघाताचं मूल्यांकन करावं लागतं; २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे. त्यासाठी मूळ स्थितीची माहिती गोळा करायची असते, आणि प्रघात असा आहे की ती एका हंगामाची चालते, पावसाळा सोडून. धूळ, आवाज, हवा मोजायला हे सोयीचं. पावसात यंत्रं चालत नाहीत, सड्यावर गाडी जात नाही, धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नाही. म्हणून सर्वेक्षण करणारी मंडळी डिसेंबरात किंवा एप्रिलमध्ये येतात. प्रामाणिकपणे चालतात, प्रामाणिकपणे लिहितात. त्यांच्या यादीत येतात करवंदाची जाळी, काठावरचं जांभूळ, वाळकं गवत, एखादं अंजनीचं झुडूप. सड्याच्या मधल्या भागापुढे लिहिलं जातं: उघडा खडक, वनस्पती विरळ. यात एक अक्षर खोटं नसतं. ज्या वनस्पतीचं दृश्य आयुष्य जूनमध्ये सुरू होऊन ऑक्टोबरात संपतं, ती डिसेंबरात दिसणार कशी? आणि गौण खनिजाच्या छोट्या परवान्यांत तर झाडाझुडपांची यादी मागायलाच कुणी जात नाही. तिथे स्थळपाहणी आम्हीच केलेली, आणि तीही कोरड्या दिवसांत, कारण उत्खननाचा हंगामच कोरड्या दिवसांचा.

महसुली कागद या कॅलेंडरला साथ देतात. सात-बारावर सड्याचा मोठा भाग पोटखराब्यात पडतो. पोटखराबा वर्ग अ म्हणजे लागवडीला अयोग्य, आकारणी नाही. आकारणी करणाऱ्या इंग्रजाच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. त्याला पिकावर सारा घ्यायचा होता, वायतुऱ्यावर नाही. पण पुढे कुठलाही प्रकल्प जागा शोधायला निघाला की पहिलं बोट पोटखराब्यावर आणि गायरानावर पडतं. सुपीक जमीन वाचवली याचं समाधान सगळ्यांनाच मिळतं.

आणि खाण संपल्यावर? खाण आराखड्यात शेवटचं प्रकरण पुनर्भरणाचं असतं. खड्डा भरायचा, वर माती पसरायची, झाडं लावायची. पाच वर्षांनी फोटो काढला की हिरवंगार दिसतं. कितीतरी सड्यांवर खाण नसतानाही वनीकरणाच्या नावाखाली ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली गेली. जाड माती आणि सावली, या दोन गोष्टी वायतुऱ्याला, पानगेंदाला, दवबिंदूला संपवायला पुरेशा आहेत. माती आली की गवत येतं, मग झुडुपं येतात. उथळ पाण्याचं, उघड्या उन्हाचं डबकं परत होत नाही. जांभ्याचा तो थर तयार व्हायला लागलेली वर्षं कुठल्याच आराखड्यात धरता येत नाहीत.

हे फक्त आपल्याकडे घडतं असं नाही. अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या वाळवंटी डोंगरात टीम्स बकव्हीट नावाचं पिवळ्या गोंड्यांचं एक रोप आहे. साऱ्या जगात ते एकाच डोंगरउतारावर, जेमतेम दहा एकरांत सापडतं, आणि ती जमीन लिथियम-बोरॉनची. लिथियम विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांसाठी हवं, म्हणजे तिथेही वाद कोळशाशी नाही, हरित ऊर्जेशीच आहे. २०२० मध्ये एका उन्हाळ्यात सतरा हजारांवर झाडं उपटलेली सापडली. तपासाअंती दोष उंदरांसारख्या प्राण्यांवर गेला. २०२२ च्या डिसेंबरात ती वनस्पती संकटग्रस्त म्हणून कायद्याच्या संरक्षणाखाली आली, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात तिथल्या खाणीलाही सरकारची मंजुरी मिळाली, झाडांभोवती मोकळी पट्टी सोडण्याच्या अटीवर. वाद अजून मिटलेला नाही. तरी त्यांच्याकडे निदान एवढं झालं, की झाड किती एकरांत आहे, एकूण झाडं किती, हे आकडे सरकारच्या कागदावर आले.

आपल्या देशातही खाण थांबल्याची उदाहरणं आहेत. कर्नाटकातल्या कुद्रेमुखची लोहखनिजाची खाण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २००५ च्या अखेरीस बंद झाली. ओडिशातल्या नियमगिरीवर २०१३ मध्ये बारा ग्रामसभांनी एकामागून एक ठराव करून बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. नियमगिरीचा माथा म्हणजे आपल्या सड्यांचाच लांबचा भाऊबंद. पण तिथे डोंगर हा देव होता. आमच्या सड्याच्या काठावर एखादी भैरीची नाहीतर जानाईची घुमटी असते. मधला सडा उघडाच.

आपल्या बाजूचे कायदे बघू. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील. तिथे खाणकामाला बंदी आहे. कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलं, कोयना आणि चांदोलीबरोबर. कासचं क्षेत्र साधारण अकरा चौरस किलोमीटर. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा मात्र २०१४ मध्ये पहिल्यांदा निघाला आणि २०२४ च्या जुलैअखेरीस सहाव्यांदा निघाला. सहा राज्यांतलं ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र, त्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर. साताऱ्यातली पाटण-जावळीची गावं त्यात आहेत, सांगलीतली शिराळ्याची आहेत. खाण आणि दगडखाण दोन्हींना मनाई, असं मसुद्यात स्पष्ट आहे. मसुदा मसुदाच असल्यामुळे गावात दोन्ही बाजूंच्या अफवा मात्र पक्क्या झाल्या. ग्रामसभेत मला लोक विचारायचे, "बाई, आता घराचं पत्रंबी बदलायचं न्हाई का?" घराच्या पत्र्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे सांगून सांगून घसा बसायचा.

लोकांना दोष देणं सोपं आहे आणि चुकीचं आहे. पाटण-जावळीची घरं दोन पिढ्या मुंबईतल्या माथाडी कामगारांच्या मनीऑर्डरवर चालली. गावात राहिलेल्याकडे पोटखराब्याशिवाय विकण्यासारखं काही नसेल, तर तो मुरूम विकणार. कासला फुलांमुळे गावांच्या समित्यांना प्रवेशशुल्काचा पैसा मिळतो, पोरांना वाटाड्याचं काम मिळतं, त्यामुळे तिथे फुलाची राखण होते. गर्दीचे प्रश्न आहेत, कुंपण घालावं की गुरं चरू द्यावीत यावर वाद झाले, घातलेलं कुंपण पुढे काढलंही. तरी कासला कुणी ट्रॉली लावत नाही. पण सगळे सडे कास होऊ शकत नाहीत, आणि होऊही नयेत. शनिवार-रविवारच्या गाड्यांचा लोंढा प्रत्येक डोंगरावर चढला तर खाण परवडली, असं म्हणायची वेळ येईल.

बागेत नेऊन वाढवायचं म्हणाल, तर तेही काम चालू आहे. वायतुऱ्याचं नामकरण करणाऱ्यांपैकी प्रा. श्रीरंग यादव यांनी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात दुर्मीळ वनस्पतींची बाग उभी करण्यात मोठा वाटा उचलला. खर्पुडीच्या कितीतरी जाती तिथे वाढवून, रोपं करून पुन्हा रानात लावण्याचे प्रयत्न झाले. हे काम मोलाचं आहे. मात्र रोप परत लावायला सडा शिल्लक हवा.

मला तलाठ्याच्या नजरेतून सुचतं ते लहान आहे. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळ एका छोट्या माशासाठी शासनाने २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलं. क्षेत्र किती? २.११ हेक्टर. सव्वापाच एकर. २००२ च्या जैवविविधता कायद्याने हा मार्ग खुला ठेवलाय, आणि त्याच कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही सक्तीची केली आहे. बहुतेक नोंदवह्या घाईने, एकाच साच्यात भरल्या गेल्या. आंबा, फणस, जांभूळ, साग. एखाद्या गावची वही उघडून बघा, शेजारच्या गावाचीही तीच यादी निघेल.

वायतुऱ्याची डबकी सगळ्या सड्यावर पसरलेली नसतात. उतार बघून, पाणी अडतं तिथे, घोळक्याने असतात. एखाद्या सड्यावरची अशी जागा पाच-दहा एकरांत बसेल. ती गट नंबरासह, चतुःसीमेसह नोंदवहीत उतरवली, ग्रामसभेचा ठराव जोडला, आणि तहसील कचेरीत गौण खनिजाच्या टेबलावर त्याची प्रत दिली, तर परवाना मागायला आलेल्या माणसाला दुसरा गट दाखवता येतो. खाण बंद करा असं म्हणायची गरजच पडत नाही. खाण कुठे नको एवढंच सांगायचं असतं. टेबलावरच्या कारकुनालाही कागद हवा असतो. कागद असला की तो नाही म्हणू शकतो, नसला की त्याला नाही म्हणता येत नाही. हे मी त्या खुर्चीजवळ बसून पाहिलेलं आहे.

गाव नमुना बारामध्ये एक रकाना आहे: लागवडीसाठी उपलब्ध नसलेली जमीन. त्याचे दोन भाग, स्वरूप आणि क्षेत्र. क्षेत्र आम्ही आर-हेक्टरमध्ये काटेकोर भरत आलो. स्वरूपाखाली पड, खडक, नाला असं लिहितात. वायतुऱ्याची पाणथळ, असं तिथे लिहायला कुठल्याही नियमाची आडकाठी मला तरी सापडलेली नाही. शिराळ्याच्या माझ्या एका पुतण्याने शाळेतली मुलं घेऊन गुढे-पाचगणीच्या पठारावर डबकी मोजायचं ठरवलंय. तिथे वायतुरा मिळेलच असं नाही. पानगेंद, सीतेची आसवं मिळतील. मी त्याला टेप दिला आहे, फुटांचा. मापं मीटरमध्ये घे म्हटलं तर म्हणतो, "काकू, तुमच्या ब्रासात काढतो, म्हणजे तहसीलदार साहेबांना लगेच कळेल." बाकी तयारी झाली आहे. तारीख मात्र मी बदलायला लावली. पोरांनी दिवाळीची सुट्टी धरली होती, ती जुलैचा दुसरा आठवडा केली. पावसात पोरं वर नेण्यावरून मुख्याध्यापकांची अजून कुरकुर चालू आहे.